सिंदी मेघेतले सात नंबरचे घर विकण्याबाबत

लिहून ठेवणार : प्रमिलाबाई बंडूजी बनकर, वय एकाहत्तर, धंदा भाजीविक्री (आता बंद), राहणार सिंदी मेघे, ता. जि. वर्धा.

माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. या कागदासाठी मला कोणी भरीस पाडलेले नाही. मजकूर माझा, अक्षर शेजारचे वासुदेवराव ढगे यांचे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी मिळकत म्हणजे सात नंबरचे रो-हाऊस. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, त्यावर गच्ची. पश्चिमेस रस्ता, पूर्वेस मोकळी जागा, दक्षिणेस सहा नंबर, उत्तरेस आठ नंबर, म्हणजे वासुदेवराव. दोन्ही बाजूंच्या भिंती सामायिक. हे घर वडिलोपार्जित नाही आणि नवऱ्याने घेतलेले नाही. वर्ध्याच्या बाजारात पंचवीस वर्षे वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर विकून मी ते घेतले. म्हणून त्याचे काय करायचे हे सांगण्याचा हक्क माझा एकटीचा आहे.

२००३ साली घर पाहायला मी बाजारातून थेट गेले, रिकामी टोपली डोक्यावर. बिल्डरचा माणूस फाटकातूनच म्हणाला, "मावशी, इथं भाजी नाई घ्यायची."

मी म्हटले, "मी विकाले नाई आली, घ्याले आली. घर दाखव."

त्याने कोपऱ्यातले अंधारे घर दाखवले. मी बाराही घरे पाहिली आणि सात नंबरच्या भिंतीवर हात ठेवला, कारण त्याच्या स्वयंपाकघरात सकाळचे ऊन येते. नोंदणीच्या दिवशी "खरेदीखत कोणाच्या नावाने?" असे विचारताना साहेबांनी माझ्या नवऱ्याकडे, बंडूजींकडे पाहिले. ते म्हणाले, "मले काऊन पाहून राह्यले, साहेब? घेनारी हे बसली हाये." त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. हे वाक्य कुठेतरी कागदावर राहावे, म्हणून इथे घातले.

२. वासुदेवरावांनी पहिल्या वर्षी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती, की बाई दारात भाजी धुते, ओटा ओला होतो. मी धुणे थांबवले नाही. पुढे त्यांच्याच घरी माझी मेथी जाऊ लागली. त्यांनी हे कलम गाळायला सांगितले. मी गाळू दिले नाही.

३. लोखंडी तराजू आणि वजने बाजारात माझ्या शेजारी बसणाऱ्या शकुबाईला द्यावीत. त्या तराजूने मी कधी काटा मारला नाही. तिनेही मारू नये.

४. मुलगा गजेंद्र पुण्याला नोकरीत आहे. सेलूचे आमचे शेत त्याच्या इंजिनियरिंगपायी विकले. ते आम्ही राजीखुशीने विकले, त्यामुळे त्याच्या वाट्यातून काही वजा करू नये. मात्र पुढची गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. मागच्या दिवाळीनंतर मी दोन दिवस केळझरला गणपतीला आणि बहिणीकडे गेले होते, मुलगी रक्षाही ड्यूटीमुळे सेलूलाच राहिली होती. परत आले तर फाटकाशी एक नवरा-बायको उभे. मी त्यांना पाहुणे समजून आत घेतले, चहा ठेवला. त्यांनी घराचे कौतुक केले, तशी मी गच्चीपर्यंत सगळे दाखवले. शेवटी ती मुलगी म्हणाली, "काकू, एवढं चांगलं घर तुम्ही काऊन विकून राह्यल्या?"

बाहेर जाऊन पाहिले. फाटकाला पाटी : घर विकणे आहे. खाली गजेंद्रचा नंबर. दिवाळी करून परतताना तो लावून गेला होता, आणि आत येताना त्या दोघांच्या आड मला ती दिसली नव्हती. मी त्या दोघांना सांगितले, "घर चांगलं हाये ना? मंग विकाऊ नाई."

गजेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तुझ्याच भल्यासाठी. गुडघे दुखतात तुझे. पुण्याले ये."

"गुडघे माहे हायेत, घरही माहंच हाये. तू मले विचारलं काऊन नाई?"

तो म्हणाला, "चुकलं." दुसऱ्या आठवड्यात स्वतः येऊन त्याने पाटी उतरवली. तो वाईट नाही, घाईचा आहे. त्याला माफ केले.

५. मुलगी रक्षा सेलूच्या दवाखान्यात नर्स आहे. घटस्फोटानंतर नऊ वर्षे ती माझ्याजवळ राहते. या कागदाच्या पहिल्या मसुद्यात मी सगळे घर तिला लिहिले होते. गजेंद्रला फ्लॅट आहे, तिला काही नाही, असा माझा विचार. ड्यूटीवरून आल्यावर तिने मसुदा उभ्याउभ्याच वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"आई, हे खोड. तू घर घेतलं तव्हा एकोणपन्नासची होती. मी एक्केचाळीसची हाये. मले अजून टाइम हाये."

तो मजकूर मी माझ्या हाताने खोडला. घर घेतले त्या दिवशीसुद्धा मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

६. म्हणून माझ्यानंतर सात नंबर विकावे. व्यवस्थापक म्हणून विक्री रक्षाने करावी. गिऱ्हाईक आणि किंमत तीच ठरवील. घाई करू नये. विक्री होईपर्यंत ती तिथेच राहील. येणाऱ्या पैशाचे दोन सारखे वाटे, एक गजेंद्रचा, एक रक्षाचा.

वरील सर्व मी स्वतः मोठ्याने वाचून सही केली आहे.

सही : प्रमिला बंडूजी बनकर

आम्हा दोघांसमोर बाईंनी वाचले व सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :
१) वासुदेवराव ढगे, घर नं. ८ (कलम २ मान्य)
२) धम्मदीप थूल, घर नं. ३

स्थळ : सिंदी मेघे, वर्धा
दिनांक : १४ डिसेंबर २०२५