जुलाबाच्या कप्प्यातलं आपलं घराणं

गोऱ्या वन्सं यांस उलकान वहिनीचा सलाम. (नाव आधीच सांगते, नाहीतर पत्र संपेपर्यंत ते कोणाचं हेच विसराल आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधत बसाल.) गुडघे काय म्हणतात? सरोवराची हवा मानवते ना? इकडे मी, सूनबाई बुर्मा आणि गाय, तिघी ठीक आहोत. अक्षर बुर्माचं, तोंड माझं.

आपले तुराट मास्तर गावाच्या वंशावळीचं पुस्तक छापताहेत. बंद पडलेल्या दवाखान्यातलं औषधांचं कपाट घरी आणून त्यांनी एकेका कप्प्यात एकेक घराणं भरलंय. (आपण जुलाबाच्या कप्प्यात आहोत, मनाला लावून घेऊ नका.) वन्सं, मी थक्क झाले. मास्तरांनी कागद काढून माझी पोरं ओळीने वाचली आणि मध्येच आवाज खाली आणला. आपली आयचुरेक, पाळण्यातच गेलेली. तिचं नाव माझ्याशिवाय कोणाला आठवत नसेल असं मी धरून चालले होते. मास्तरांच्या सुईण आईने ते सांगून ठेवलेलं. भावंडांच्या रांगेत पोर नीट बसली होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं. मला अक्षर कुठलं कळतंय, पण बोट तिथून हलेना.

मग मास्तर म्हणाले, "आता वरचे सात पूर्वज सांगा." सासरच्या पुरुषांची नावं मी कशी घेऊ? मामंजींचं नाव ज्या धातूवरून, त्याच्याच तव्याकडे, विळ्याकडे, मग घोड्याच्या नालाकडे मी बोट दाखवलं, ते त्यांनी ओळखलं. "अहो वहिनी, म्हातारा जाऊन जमाना झाला, अजून भिता?" म्हणाले. म्हटलं, ऐकत असतील. त्यांच्या वरचे मी आपल्या बायकी रीतीने सांगितले: मोठ्या टोपीचे, घाऱ्या डोळ्यांचे, घोडा हरवलेले. मास्तरांनी तस्सेच उतरवले. शुक्रवारी पुस्तक छापायला जातंय, आणि माझी आयचुरेक कायमची मोठ्या टोपीची पणती राहणार. बुर्माही पडली सून, तिचीही जीभ बांधलेली. तुम्ही माहेरच्या लेक. बसने या आणि सगळी नावं घडाघडा सांगा.

तुमची वहिनी उलकान

ता.क. मास्तरांना रीतीचं कारण सांगितलंय, तेच धरून चाला. मामंजींच्या वरचं एकही नाव मला माहीत नाही. सासूबाईसुद्धा मोठी टोपीच म्हणायच्या. (बुर्मा, हसू नको, लिही.)

ता.क. तुम्हीही विसरला असाल तर वाळवलेले जर्दाळू नेहमीच्या दुप्पट आणा. मास्तरांना खाऊ घालून शुक्रवार पुढे ढकलू. बिया काढूनच आणा, त्यांनाही दात उरलेले नाहीत.