गंडकीचे दुपारचे पाणी

ता. ९ एप्रिल १९७९. पहाटे ४ वा. १० मि.
तुमसर रोड स्टेशन. बाकावर बसून पायजम्याच्या नेफ्यात नोटा शिवत आहे. कंदिलाचा उजेड पुरत नाही, सुई दोनदा बोटात गेली.

आधी गोंदिया, मग जबलपूर, मग गोरखपूर, तिथून नेपाळ. मुक्तिनाथ गाठायचे. भाटोजींच्या, म्हणजे ताईच्या यजमानांच्या, वडिलांना पूजेला शाळिग्राम हवा आहे. विकतचा नको. गंडकीतून मुलाने स्वतःच्या हाताने काढलेला हवा. बाबा स्वतः जायचे तर आता थकले. धान घरात आले आहे, पेरणीपर्यंत भाटोजी मोकळे. शेठजींनी मला धानाच्या गिरणीतून महिन्याची बिनपगारी रजा दिली. वजनकाट्यावर तोवर माझ्या जागी दुसरा मुनीम.

ताईने मुद्दाम मला सोबत धाडले. काल म्हणाली, "तू भेकड हायेस, म्हणूनच तुले पाठवून राहिली. हे कोठीबी पाय टाकतेत. तू मागं ओढजो."

भाटोजी तांदळाच्या गाठोड्यावर डोके ठेवून घोरत आहेत.

ता. १३ एप्रिल. सोनौली नाका.
चौकीवर नावे लिहून घेतली. माझे नाव शिपायाने चुकीचे लिहिले होते, दुरुस्त करवून घेतले. मागे रांग थांबली म्हणून भाटोजी लाजले.

पाणी उकळल्याशिवाय प्यायचे नाही, असे मी ठरवले आहे. भाटोजींनी नाक्यावरच्या नळाला तोंड लावले. पुढच्या बसमध्ये टपावर बसायला निघाले होते, सदरा धरून खाली ओढले. म्हणाले, "मुनीम, सारा नेपाळ तुलेच माराले बसला हाय का?" बसमधले लोक हसले. भाषा समजली नसेल, पण हसले.

ता. १९ एप्रिल.
पोखऱ्यापासून पायी. चौथा दिवस. वाट कड्याला चिकटून, रुंदी बैलगाडीच्या निम्मी. खेचरांचा तांडा आला की माणसाने डोंगराच्या अंगाला उभे राहायचे, दरीच्या अंगाला नाही, हे एका हमालाने पहिल्याच दिवशी शिकवले. आज भाटोजी दरीकडे उभे होते. मी ओढून आत घेतले. पुढच्याच खेचराच्या पोत्याने त्यांची छत्री उडवली. खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

वाकून दरीत पाहिले. मग म्हणाले, "तुह्या भेवानं वाचलो, साळभाऊ."

हे ताईला सांगायचे.

ता. २४ एप्रिल. मुक्तिनाथ.
दर्शन झाले. देवळामागच्या एकशेआठ धारांखाली अंघोळ. पाणी असे की कपाळ फुटेल. भाटोजी सगळ्या धारांखालून गेले, मी तीन. प्रत्येक धारेला कुणाचे तरी नाव घेत होते. ताईचे घेतले तेव्हा जोरात घेतले.

वाटेत शाळिग्राम विकायला बसलेले लोक भेटले. मी म्हटले, एक घेऊन टाका, बाबांना काय कळणार. म्हणाले, "मले कळन ना."

ता. २५ एप्रिल. संध्याकाळ. कागबेनी.
गंडकीकाठचे गाव. उद्या पात्रात शोधायचे. जिच्याकडे उतरलो आहोत ती बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, दुपारच्या आत परत या, दुपारी पाणी वाढते. भाटोजींनी मला विचारले, काय म्हणते ही? मी सांगितले. त्यांनी दारात जाऊन आभाळ पाहिले. निळे, कोरडे. "ढग कोठी हाय? पाऊस नाही तं पानी का जमिनीतून येन?"

मलाही हसू आले. आमच्याकडे तलाव भरतो तो पावसाने. नाला चढतो तो वरती कुठे तरी कोसळल्यावर, आणि ते आधी आभाळात दिसते. लहानपणापासून हेच पाहिले. कोरड्या उन्हात पाणी चढताना कुणी पाहिलेले नाही. भाटोजी तर दिवसभर धानाच्या बांधीत नाहीतर तलावात. आम्हाला पाण्याचे काय सांगते.

दोघेही पुष्कळ हसलो. या प्रवासात पहिल्यांदाच बरोबर हसलो.

ता. ३० एप्रिल.
लिहायचे टाळत होतो.

२६ ला सकाळी पात्रात उतरलो. पात्र फार रुंद, पण पाण्याच्या पाच-सहा बारीक धारा, मधे गोट्यांची मैदाने. पाणी गुडघ्याखाली. सगळ्या धारा ओलांडून पलीकडे गेलो. काळे गोटे उचलायचे, फोडायचे, आत शाळिग्रामाचे चक्र आहे का पाहायचे. माझे पाय बधिर झाले म्हणून भात टाकायला मी आधी अलीकडे परतलो. भाटोजी म्हणाले, एक चांगला मिळाला की आलोच.

दुपारी पाणी राखेच्या रंगाचे झाले. मग मधली मैदाने एकेक करून बुडाली. वर लख्ख ऊन, एक ढग नाही. डोंगरातला बर्फ उन्हाने वितळतो आणि त्याचे पाणी दुपारी खाली पोचते, हे बाईने नंतर सांगितले. पहाटेपर्यंत ते पुन्हा उतरते. तिकडे अडकलेले लोक रात्रभर काठावर बसून राहतात आणि सकाळी येतात. एक रात्र. फक्त बसून राहायचे होते.

भाटोजींना काही तरी सापडले होते. उजवा हात वर करून दाखवत होते. मी ओरडलो, थांबा. वारा समोरून होता, ऐकू गेले की नाही माहीत नाही. बाईने काय सांगितले होते ते ओरडायला हवे होते. ते त्या वेळी आठवलेच नाही. नुसते थांबा म्हटले, आणि थांबा तर मी त्यांना रोज वीस वेळा म्हणत होतो.

धोतर खोचून उतरले. तलावात उतरतात तसे, अनवाणी, बोटांनी तळ चाचपत. तलावात चिखल पाय धरून ठेवतो. इथे तळच हलत होता. कमरेपर्यंत आले. हात वरच होता. मग वाऱ्याने वाळू उडाली, माझ्या डोळ्यांत गेली. डोळे मिटले. उघडले तेव्हा पाणी होते.

काठाने धावलो, पुढे कडा लागला. बाई आणि गावातले चार जण दोर घेऊन दोन दिवस शोधत होते. दुपट्टासुद्धा मिळाला नाही. बाई एकदाही म्हणाली नाही की मी सांगितले होते.

ता. १४ मे. गाव.
काल पोचलो. ताई दारात होती. माझ्या मागे पाहिले, मग रस्त्याकडे पाहिले. मग म्हणाली, जेवला का. मी खालीच बसलो.

बाबांना सगळे सांगितले. ऐकून म्हणाले, "म्या धाडलं." 

छत्रीची गोष्ट सांगायची होती. कशी सांगणार.

ता. २ जून.
गुरुजी आले होते. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग बाकीचे विधी. पण त्यासाठी मेल्याची खात्री हवी, म्हणाले. खात्री नसेल तर बारा वर्षे वाट पाहायची, तोवर क्रिया नाही. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही सोबत होतात. डोळ्यांनी पाहिलं का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. ताई दाराआड होती, बांगड्यांचा आवाज आला. मी म्हटले, विचार करून सांगतो. यात काय विचार करायचा, असे एकजण म्हणाला. खरे आहे.

बाबांचे म्हणणे एवढेच की पोरगा तिकडे थंडीत फिरतो आहे, त्याला मोकळे करा. हात जोडून म्हणाले. माझ्यापुढे हात जोडले.

ता. ११ जून.
मी हो म्हटले तर आज ताईचे कुंकू पुसतील. नाही म्हटले तर बारा वर्षे. तिचे वय सत्तावीस.

काल रात्री ठरवले होते की हो म्हणायचे. पाण्याचा जोर पाहिला आहे, त्यातून कोण निघणार. सकाळी ताई पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, बांधीत बी टाकत होती, तिथे गेलो. आधी तिनेच विचारले. "सर्व्याईले काय सांगशीन ते सांग. मले सांग. तू पाहिलं का?"

म्हटले, हात वर दिसला. मग डोळ्यांत वाळू गेली. मग दिसले नाहीत.

"मंग तुले मालूम नाही."

"नाही."

ती पुन्हा बी टाकू लागली. बाबांना तेच सांगितले. ते उठून आत गेले.

ता. २० जुलै.
धानाच्या रोपांची रोवणी चालू. ताई स्वतः चिखलात उतरते. बायका तिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत आणि तिच्यासमोर रडतही नाहीत. कुठल्याच ओळीत तिला धरत नाहीत. हे माझ्या एका शब्दाने झाले आहे. दुसऱ्या शब्दाने वेगळे काही तरी झाले असते, तेही तितकेच वाईट.

पानठेल्यावर एकजण मला ऐकू जाईल असे म्हणाला, "पोतं एक किलो कमी भरलं तं मुनीम बोंब मारते. मानूस कमी भरला तं म्हनते, मालूम नाही." लोक हसले. मी सुपारी घेऊन निघालो.

तिकडच्या चौकीला दोन पत्रे टाकली. उत्तर नाही.

रात्री डोळे मिटले की पुन्हा उघडायची भीती वाटते. हे कुणाला सांगण्यासारखे नाही.

ता. ४ ऑक्टोबर. दु. ३ वा., गिरणीत.
ताई आली होती. काट्याजवळ उभी राहिली, हमालांनी तिला वाट करून दिली. म्हणाली, "धान कापलं की मले तिथी ने."

मी म्हटले, आता तिथे काय दिसणार. पाच महिने झाले. वाट कशी आहे तुला माहीत नाही, थंडी पडेल, खेचरे असतात. असे पुष्कळ बोललो. तिने सगळे ऐकून घेतले.

"तुहे डोळे मिटले होते. मी उघडे ठेवीन. त्या बाईले इचारीन, खालच्या गावाईले इचारीन. मंग मीच सांगीन बाबाले, काय करायचं ते."

बाबांना विचारले का, म्हटले. त्यांनीच पाठवले, म्हणाली.

मला जायचे नाही. त्या नदीचा आवाज अजून कानात आहे. आणि एकटी गेली तर कोण तिला मागे ओढणार. हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. खर्च काढून पाहतो, एवढे म्हटले. ती तिथेच पोत्यावर बसून राहिली, म्हणून तिच्यासमोरच मांडला:

मागच्या फेरीचा खर्च — रु. ९१२.
पैकी शेठजींकडून उचल रु. ५००. फेडले १८०. देणे राहिले ३२०.
जाणे, दोघांचे — रु. २६०.
तिकडे मुक्काम व जेवण — रु. १८०.
येणे, दोघांचे — रु. २६०.

वाचून दाखवले. म्हणाली, येण्याचे तिघांचे धर.

येणे, तिघांचे — रु. ३९०.
एकूण लागणार — रु. ८३०.
जवळ रोख — रु. ६४.