ताप आधी कुणाला कळला

१२ मार्च
कंपनीचे पट्टे आज गाईंच्या गळ्यातून काढले. माझा नवरा केन्जे एकेक काढून पोत्यात टाकत होता. त्याला ते आवडायचे — कुठली गाय माजावर, कुणाला ताप, फोनवर लगेच! पण दर महिन्याला पैसे. सरकारी अॅप फुकट, आणि त्यात नाव नसेल तर अनुदान नाही. नणंद बालझिया जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कचेरीत तेच काम बघते. तिनेच गळ घातली — "वहिनी, घरचं माणूस बसलंय तिथे. कशाला उधळता पैसे?"

१९ मार्च
सगळं हाताने भरायचं. भरलं. नेट गेलं. परत भरलं.
शेजारच्या एर्मुखानने पट्टे ठेवलेत. कुंपणावरून म्हणतो, "काय वहिनी, सरकारने तुमच्या गाईंचा ताप मोजला का?" मेला!

२ एप्रिल
तांबडीच्या तोंडातून लाळ. खुरांत जखमा. अॅप उघडलं — आमचा जिल्हा हिरवागार. 'साथ नाही.'

३ एप्रिल
लाळ्या खुरकूतच.

५ एप्रिल
पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली. साथ पसरू नये म्हणून सगळी गुरं मारायची. वासरंसुद्धा. आमची, एर्मुखानची, अख्ख्या गावाची. परक्याच्या हाकेला गाई हलेनात, म्हणून केन्जेच त्यांना खड्ड्यापर्यंत घेऊन गेला. गोळ्यांचे आवाज थांबले तरी घरात आला नाही. चहावर साय धरली.

७ एप्रिल
एर्मुखानच्या फोनवर आठवडाभर आधीच तापाची सूचना आली होती! गावाला आज कळलं. दुकानासमोर सगळे त्याच्यावर धावून गेले. "माहीत होतं, आणि गप्प बसलास?" तो काहीतरी सांगत होता — "अरे, मी तर त्याच दिवशी" — केन्जेने तोंडावरच ठोसा मारला. मी थुंकले. बालझिया माझा हात घट्ट धरून उभी होती.

९ एप्रिल
एर्मुखानच्या गवताची गंजी जळाली. केन्जेच्या कोटाला धुराचा वास. मी विचारलं नाही.

११ एप्रिल
एर्मुखान बायकोला घेऊन गाव सोडून गेला. कुणी दारातसुद्धा आलं नाही. बरं झालं.

१४ एप्रिल
बालझिया आली. बसली नाही. "वहिनी, एर्मुखानने त्याच दिवशी मला फोन केला होता. आमचे साहेब म्हणाले, वरून येणारी तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू. बोभाटा करू नका, असं मीच त्याला सांगितलं."
केन्जे माझ्या मागेच उभा होता.