पायलचे उपास

दुसरबीड,
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप सत्यभामामामीस रुखमाचा नमस्कार.

सोनाळ्याहून पाठवलेली पिशवी मिळाली. तूरडाळ दोन किलो, कुरडया, लिंबाचं लोणचं. बसच्या पार्सलचे साठ रुपये लागले. पुन्हा पाठवू नका, तेवढ्यात इथे अर्धा किलो डाळ येते.

मनगटाचं विचारलंत. पाण्याची बादली उचलताना मोडलं. बेचाळिसाव्या वर्षी. शुगर आहे, कंबर धरते. अशक्तपणा म्हणून सांगत आले ते खोटं. मला एचआयव्ही आहे. यांच्याकडून आला. दोघांच्या गोळ्या बारा वर्षं चालू आहेत, एक चुकली नाही.

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, आजार तर दबलेला आहे, मग हाडं इतकी ठिसूळ कशी? जेवता काय? मी सांगितलं, सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी उपास. कधीपासून? आठव्या वर्षापासून. त्यांनी पेन खाली ठेवला. एवढ्या लहान पोरीला उपास कोणी धरवले, म्हणाल्या. मी म्हटलं, देवाची आवड होती.

मामी, देवाची आवड नंतर लागली. आई गेल्यावर तुमच्याकडे आले तेव्हा नुसती भूक होती. तुमच्या पोराच्या, गोकुळच्या ताटात भाकर पडायची, आणि शेजारच्या बनाबाईने विचारलं की तुम्ही म्हणायच्या, "रुखमीले उपास हाय. लय भाविक पोरगी हाय." साबुदाणासुद्धा नसायचा. मी पाणी पिऊन देवाजवळ बसायची. बाया कौतुक करायच्या, मग मलाही ते खरं वाटू लागलं.

डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात पोट मारलं की हाडं कच्ची राहतात, वर हा आजार. आता भरून येणं अवघड. सगळे उपास सोडलेत. पहिल्या गुरुवारी घास उतरत नव्हता.

हे मी लिहिणार नव्हते. पण तुमच्या चिठ्ठीत शेवटी आहे की काजलची पायल सोमवार-गुरुवार धरते, लय समजदार आहे. माझी बहीण काजल जाऊन सहा महिने झाले, तेव्हापासून पायल तुमच्याकडे आहे. पोर नऊ वर्षांची आहे.

तिला माझ्याकडे द्या. एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही, विचारून घेतलंय. हेही हो म्हणाले. नाही म्हणालात तर सोनाळ्याला येऊन बनाबाईसमोर सगळं बोलेन, माझ्या आजारासकट.

फोनवर तुम्ही रडता आणि मी गप्प बसते, म्हणून लिहिते आहे. पत्र मिळेल तेव्हा वार कोणताही असो, तिला आधी वाढा. आणि न्यायला कधी येऊ, ते उलट टपाली कळवा.

तुमच्या घरी वाढलेली,
रुखमा