पुडी, बाटली आणि मधले दोन महिने

प्रिय दादा,

आज रविवार. जेवण झाकून ठेवलंय आणि मी घरभर नुसती फिरतेय. खालच्या मजल्यावरच्या रिबेलो काकू सकाळी येऊन गेल्या. काकांची केमो सुरू झालीय हे मला माहीत होतं, पण चार दिवस पोटात काही ठरत नाहीये हे माहीत नव्हतं. काकू सोफ्याच्या कडेला बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "नंदा, तुझ्या दादाचे ते भांगेचे थेंब उरलेत का गं?"

उरलेत. अर्धी बाटली तुझ्या कपाटात आहे. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. तू जाऊन पाच महिने झाले, तरी या बाबतीत विचारायला तुझ्याशिवाय मला कोण आहे?

तू मानेसरहून एक बॅग घेऊन माझ्या दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलास तो दिवस आठवतो. वहिनी गेल्यापासून तू तिकडे एकटाच होतास. पोटाच्या कॅन्सरचं निदान झालं, आणि मी म्हटलं, आता लक्ष्मीबाई नगरला ये, मी आहे. किती सहज म्हटलं होतं मी ते, "मी आहे."

दुसऱ्या केमोनंतर तुझं जेवण सुटलं. मी पेज करायची, शिरा करायची, वाटी तशीच परत यायची. वासानंच तुला उमळून यायचं. मग एका संध्याकाळी तू वरण-भात खाल्लास आणि म्हणालास, "नंदे, अजून थोडा वाढ." मी उदगीरला आत्याला फोन केला, दादा जेवला म्हणून. आत्या फोनवर रडली.

तसे आठ दिवस गेले. त्याच आठ दिवसांत तू बाल्कनीत अगरबत्ती लावायला लागलास. जन्मात देवाला हात न जोडलेला माणूस! मला वाटलं, आजारपणानं माणूस बदलतो.

पुडी मला कुंडीमागे सापडली. तुझ्या कारखान्यातला सतबीर तुला भेटायला यायचा, त्यानं आणून दिलेला गांजा. मी ती तुझ्यापुढे धरली तेव्हा तू लपवलंही नाहीस.

"सतबीर बोला, पहाडी है, नींद वाला नहीं, भूख वाला है," तू म्हणालास. "मी आयुष्यभर क्वालिटी तपासली, नंदे. पुडीवर बॅच नंबर नाही, म्हणून स्वतःवरच टेस्ट करून पाहिली. पास झाली."

मला हसू आलं नाही. "दादा, हे सरकारी घर आहे. उद्या कोणी तक्रार केली तर माझी नोकरी जाईल, जेलमध्ये जाईन मी."

मी पुडी संडासात ओतली आणि दोनदा फ्लश केलं. मग सतबीरला फोन करून सांगितलं, पुन्हा घरी येऊ नका. तो बिचारा म्हणाला, "दीदी, वो खाना तो खा रहे थे ना?" मी फोन ठेवला.

ते मी कायद्याला धरूनच केलं, दादा. गांजा ठेवणं गुन्हा आहे, आजही आहे. माझी चूक तिथे नव्हती. ती त्यानंतर झाली.

वाट्या पुन्हा परत यायला लागल्या. तुझी पॅन्ट पट्ट्यानंही राहीना. आणि एक दिवस तू म्हणालास, "गांजा नको, कबूल. पण या झाडाचं रीतसर काही औषध मिळतं का, ते तरी बघ. तू दिवसभर नियमच वाचतेस ना ऑफिसात? मग कायद्यात काय लिहिलंय तेवढं वाच."

मी "बघते" म्हणाले. जवळजवळ दोन महिने मी बघते, बघते म्हणत राहिले.

वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगते. तुला खरं सांगते. मला भीती होती की काहीतरी परवानगी निघेल. निघाली, तर तुझी उपासमार माझ्यामुळे झाली असं होईल. म्हणून मी वाचलंच नाही.

शेवटी वाचलं ते ऑफिसच्या मागच्या जिन्यात, फोनवर. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधायचीही हिंमत नव्हती. वाचायला किती वेळ लागला असेल? एक चहा निवेपर्यंत. झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, तो बंद. त्याचा चीक म्हणजे चरस, तोही बंद. नुसतं पान, म्हणजे भांग, त्या व्याख्येत येत नाही. पानापासून केलेलं औषध आयुर्वेदात विजया या नावानं चालतं, आणि नोंदणी असलेल्या वैद्यानं लिहून दिलं तर मिळतं.

मी तिथेच पायरीवर बसले.

तुझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी लिहून देणार नाही, पण घेतलंत तर किती घेता ते मला सांगा." वैद्य बाईंनी मात्र तासभर बसवून घेतलं. तुझ्या सगळ्या गोळ्या विचारल्या, हृदयाचं विचारलं. या झाडात एक नशेचा अंश असतो, एक बिननशेचा, आणि कुठल्या बाटलीत कोणता किती ते लिहिलेलं असतं, हे त्यांनी समजावलं. तू बाटली उजेडात धरून बघितलीस आणि म्हणालास, "चलो, याला बॅच नंबर आहे."

पहिल्या दिवशी तुला गरगरलं आणि तू संध्याकाळपर्यंत झोपलास. मी घाबरले. बाईंनी थेंब कमी केले. तिसऱ्या दिवशी तू अर्धं धिरडं खाल्लंस. दुखणं काही हटलं नाही, त्याला हॉस्पिटलच्याच गोळ्या लागल्या. पण मळमळ कमी झाली. तू वहीत रकाने आखून लिहायचास: किती थेंब, किती वाजता, काय खाल्लं. वहीत एकोणीस दिवस आहेत, मग तू गेलास.

तुझ्यावर एक राग आहे माझा. त्या एकोणीस दिवसांत तू एकदाही म्हणाला नाहीस की हे आधी करता आलं असतं. का नाही म्हणालास? मी ताट घेऊन समोर बसायचे आणि वाट बघायचे. तू "छान झालंय" म्हणायचास आणि वही पुढे ओढायचास. एकदा ओरडला असतास, तर मला माफी मागता आली असती रे.

इथे लिहिणं थांबवलं होतं. काकू पुन्हा आल्या होत्या.

मी त्यांना म्हटलं, "काकू, बाटली नाही देणार." त्यांचा चेहरा पडला. "ठीक आहे गं. सरकारी नोकरी तुझी, समजते मी," म्हणाल्या आणि उठल्या.

मी त्यांचा हात धरून बसवलं. काका रक्त पातळ करायची गोळी घेतात, त्यावर हे थेंब चालतात की नाही, हे मला ठाऊक नाही. चिठ्ठी तुझ्या नावाची, मोजून दिलेले थेंब तुझ्या शरीरासाठी. हे सगळं सांगितलं. आणि मग तेही सांगितलं जे आत्यालासुद्धा सांगितलं नाही. पुडी, फ्लश, आणि मधले दोन महिने.

काकू एवढंच म्हणाल्या, "आणि हे तू एकटीच घेऊन बसलीस?"

उद्याची रजा टाकलीय. काकूंना आणि काकांचे सगळे कागद घेऊन मी वैद्य बाईंकडे जातेय. त्या नाही म्हणाल्या, तर काकांच्या डॉक्टरांकडे बसेन, दुसरं काय देता येईल ते कळेपर्यंत उठणार नाही. तुझी उरलेली बाटली बाईंच्या ताब्यात देईन. वही माझ्याकडे राहील. सतबीरलाही फोन करायचाय, तो तू गेल्यावरही दारात आला नाही, मीच नको म्हटलं होतं ना.

दादा, एक शब्द देते. माझ्याकडे कोणी आपल्या माणसासाठी काही विचारायला आलं, तर मी आधी वाचेन, मग घाबरेन.

तुझी,
नंदा