भावजी अंगण मोजतात

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा कसा आहे ते लिहायचं तू नेहमीसारखं टाळलंस, म्हणजे दुखतोय. इथे छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं आली आहेत. दिवसभर लोकांच्या चुका काढते आणि वर त्याचा पगार घेते, माझ्या स्वभावाला याहून बरं काम नाही.

लिहायचं कारण वेगळंच. रविवारी दार वाजलं, उघडते तर समोर भावजी! फाटक कुठल्या बाजूला असावं यावरून भावजींनी आमच्या ह्यांच्याशी, सख्ख्या भावाशी, बोलणं टाकलं, त्याला नऊ वर्षं झाली. हे वारले तेव्हासुद्धा भावजी लांब उभे राहून परत फिरले. आणि आता हातात एक लांबलचक नळी घेऊन दारात उभे. आत मासे धरायची काठी. म्हणाले, वहिनी, तुम्हाला फ्लाय रॉड शिकवतो. मी विचारलं, मलाच का? तर म्हणे तुमचा हात स्थिर आहे.

अर्धं घर अजून त्यांच्या नावावर आहे, ताई. नोकरीतून निवृत्त झाले तरी माणूस भूमापक. मी हो म्हटलंय, नजर ठेवायला जवळ असलेले बरे.

जिजाजींना नमस्कार. उत्तराची वाट पाहायला लावू नकोस.
तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघा दुखतोय. झालं समाधान?

तुझं पत्र आमच्या वकीलसाहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. हा माणूस फक्त जेवायला आणि खटल्याला पेपर खाली ठेवतो. त्यांचं म्हणणं, कशावरही सही करू नकोस. भावजी कुठे बघतात, कशाला हात लावतात, सगळं तारीखवार लिहून कळव.

आणि मला एक सांग, लहानपणी अंघोळीच्या बादलीला घाबरणारी तू, नदीत उतरणार कशी? मासे हसून मरतील, गळाची गरजच पडायची नाही.

जपून राहा. काळजी करणारी मी एकटीच उरले आहे, हे विसरू नकोस.
तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नदी अजून दूर आहे. सगळं शिक्षण मागच्या अंगणात, गवतावर. या काठीच्या गळाला पिसांची खोटी माशी असते, वजनच नाही तिला. वजन असतं ते दोरीत. दोरी मागे उडवायची, हात कानाशी थांबवायचा, ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत दम धरायचा, मग पुढे. मला दम धरवत नाही. गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधलाय म्हणून बरं, कारण दोनदा दोरी माझ्याच गळ्यात पडली आणि एकदा वाळत घातलेली उशीची खोळ ओढून आणली. भावजी डोळे मिटून उभे असतात आणि नुसतं म्हणतात, लवकर झालं. परवा मात्र एक दोरी अशी गेली, पट्टीनं रेघ मारावी तशी गवतावर पडली. खोटं कशाला सांगू, रात्रभर मला तीच दिसत होती.

आता तुझ्या कामाचं. नेम धरायला गवतावर पांढरी बशी ठेवतात आणि त्या निमित्तानं अंगण पावलांनी मोजतात, तोंडानं आकडे म्हणत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सव्वीस. घरात चालताना घर विकत घ्यायला आल्यासारखा भिंतीवरून हात फिरवतात. टेबलावर घरपट्टीची पावती होती, तर नाक टेकेल इतकं वाकून बघत होते. काठीच्या कड्यांतून दोरी ओवायची, गाठ मारायची, ते सगळं मला करायला लावतात. स्वतः हात लावत नाहीत. मला काही समजेनासं झालंय.

कळव, काय करू. तुझ्याशिवाय विचारू कुणाला?
तुझी धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काही करू नकोस, आम्ही केलंय. अंगण मोजल्याचं वाचताच वकीलसाहेबांनी तुझ्या वतीनं भावजींना रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. हिश्शाबद्दल जे असेल ते लेखी कळवा, नाहीतर घरात येणं बंद करा.

निश्चिंत झोप. आमचा जीव तुझ्यात आहे.
तुझी ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी भांडून घेते. मला न विचारता नोटीस का पाठवलीत? पण काडी मी टाकली, तुम्ही फुंकर घातलीत, तेव्हा भांडण इथेच संपलं.

दोन रविवार भावजी आले नाहीत, म्हणून मीच त्यांच्याकडे गेले. सूनबाईनं दार उघडलं, बसा म्हणाली नाही. भावजी खिडकीशी खुर्चीत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "वहिनी, नोटीस जरा मोठ्या अक्षरांत पाठवायची होती. सुनेकडून वाचून घ्यावी लागली."

ताई, दोन वर्षं त्यांचे डोळे जात चाललेत. मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी हात टेकले. घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आज चष्मा सापडत नाही, उद्या उजेड कमी आहे, अशा सबबी. गवतावरची बशी दिसत नव्हती म्हणून पावलं मोजत होते. भिंत चाचपत चालत होते. सुटलेला अनुस्वार धरणारी मी, मला एवढं वाचता आलं नाही. नोटिशीनं सगळं उघडं पडलं आणि मुलानं काठी कपाटात घालून कुलूप लावलं.

मग मला शिकवायला का आलात, विचारलं. म्हणाले, "हवं होतंच काहीतरी. तुमचे डोळे. पण नऊ वर्षांनी दारात येऊन एकदम मागायचं कसं?" अजून एक हंगाम त्यांना नदीवर उभं राहायचं होतं. शेजारी कुणीतरी हवं, मासा कुठे वर आला ते सांगणारं. पण दोरी किती जाते, कशी पडते, हे स्वतः टाकून बघितल्याशिवाय ते सांगता येत नाही.

मी पुतण्याकडे किल्ली मागितली. त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं. काकू, आधी नोटीस पाठवता आणि आता बाबांना पाण्यात न्यायचं म्हणता, तुमचा विचार तरी काय आहे? त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. शेवटी किल्ली दिली, पण तो स्वतः काठावर बसणार या अटीवर. जिजाजींना सांग, नोटीस मागे घेतल्याचं पत्र आजच्या आज टाका.

काल गेलो. पुतण्या खडकावर हाताची घडी घालून बसला आणि माझं बोटसुद्धा कुठे हलतं ते बघत राहिला. मी गुडघाभर पाण्यात, भावजींच्या समोर, दोरीच्या वाटेतून जरा बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून. पाण्यावर एक वर्तुळ उठलं. मी सांगितलं, बारा पावलं, डावीकडे. भावजींनी हात उचलला, दम धरला, आणि दोरी रेघ मारल्यासारखी सरळ गेली. माशी अलगद पाण्यावर उतरली. आणि मासा पलीकडच्या बाजूला उडी मारून निघून गेला.

भावजींनी दोरी ओढून घेतली. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमचं डावं की माझं?"

काठावर आधी पुतण्या हसला. मग ठरलं, यापुढे त्यांचं डावं. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.

गुडघ्याला शेक घे, आणि माझ्यावरचा राग टिकवायचाच तर आठवडाभरच टिकव.
तुझी धाकटी