आषाढ लागायच्या आत

१ जून, रविवार. बंगळूर

मुक्काम विरूपाक्षच्या गच्चीवरची खोली. उद्यापासून नवी नोकरी. पंपांची कंपनी, पद ट्रेनिंग ऑफिसर. विक्रीच्या पोरांना गिऱ्हाइकाशी कसं बोलावं ते शिकवायचं. माणूस वळवणं हा आपल्या हातचा मळ, तेव्हा नोकरीची चिंता नाही.

राहिलं घर. काल गदगच्या बस स्टँडवर सुमंगलेने पुन्हा बजावलं, आषाढ लागायच्या आत नव्या घरात दूध उतू गेलं पाहिजे. एकदा आषाढ लागला की ती नव्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. आणि श्रावणापर्यंत शाळा कोण थांबवणार? मग स्फूर्ती वर्षभर गदगलाच शिकणार, मायलेकी सासऱ्यांकडे आणि मी इथे एकटा. मी म्हणालो, पंधरवडासुद्धा लागायचा नाही. सासरे मागून म्हणाले, हो हो. त्यांच्या 'हो हो'चा सूर मला आवडला नाही.

आषाढ २६ ला. २५ ला अमावास्या. २४ ला मंगळवार. म्हणजे २३ ला सोमवारी दूध. वेळच वेळ आहे.

२ जून, सोमवार

विरू हा कॉलेजातला जिवलग. त्याची सगळी जर्नल्स मी लिहून दिली होती. संध्याकाळी सहज घराचा विषय काढला. तो म्हणाला, नोडोण. म्हणजे बघूया. काम झालं! आमच्या गदगकडे कोणी 'बघूया' म्हणालं की उठून चपला घालतो. विरूने घातल्या नाहीत, पण त्याची मॅच चालू होती.

त्याच्याच फोनवरून सुमंगलेला कळवलं, घर ठरल्यात जमा.

३ जून, मंगळवार

जुना नंबर जुन्या कंपनीचा होता, तो कंपनीने ठेवून घेतला. नवं सिम घ्यायला गेलो. दुकानदाराला इथल्या पत्त्याचा पुरावा हवा. पत्त्यासाठी घर हवं, घरासाठी ब्रोकर हवा, ब्रोकरसाठी फोन हवा. हे मी त्याला शांतपणे, मुद्देसूद समजावलं. तो म्हणाला, पुढचा कोण?

शेवटी विरूचं लाइट बिल नेलं. ते देताना दाक्षायणीवहिनींनी विचारलं, भावोजी, किती दिवस लागेल हा पत्ता? मी म्हणालो, जन्मभर नाही हो! त्या हसल्या नाहीत.

नंबर मात्र राजेशाही. वरचे पैसे मोजून घेतला. शेवटी चार आठ. दुकानदार म्हणाला, कोरा करकरीत आहे, कोणाच्या कानाला लागलेला नाही.

खोलीत रेंज नाही. गच्चीत पाण्याच्या टाकीला पाठ लावून, वहिनींच्या ओल्या साड्यांच्या मधे उभं राहिलं की येते.

५ जून, गुरुवार

सकाळपासून फोन खणखणतोय. पहिल्यांदा वाटलं, ऑफिसात छाप पडली.

पहिला म्हणाला, नंजुंडप्पा, दोन खोल्यांचं काय झालं? दुसरा म्हणाला, नंजुंडप्पा, तू दिलेल्या घरात नळाला फक्त वारा येतो, ये आणि तूच बादल्या भर. एका बाईने तर मला बोलूच दिलं नाही, माझ्या आईपर्यंत पोचली.

उलगडा झाला. हा नंबर नंजुंडप्पा नावाच्या घरांच्या ब्रोकरचा. तो धंदा गुंडाळून गावी नारळाची बाग बघतोय. कोरा करकरीत म्हणे! दुकानदाराने केसाने गळा कापला. म्हणजे डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला अख्खं बंगळूर विचारतंय, घर आहे का.

दुकानात जाऊन झाडला त्याला. तो म्हणाला, नोडोण सर. तेव्हा जरा बरं वाटलं.

७ जून, शनिवार

अंघोळ करताना डोक्यात वीज चमकली. भाडेकरू फोन करतात तसे घरमालकही याच नंबरवर करणार! सगळ्या बंगळूरची रिकामी घरं चालत माझ्याकडे. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, मला तर छप्परच द्यायला निघालाय.

नंबर बदलण्याचा अर्ज रद्द. अर्ज केलेलाच नव्हता, तेव्हा सोपं गेलं.

९ जून, सोमवार

लागला गळाला मासा! राजाजीनगरच्या कमलाक्षम्मांचा फोन. निवृत्त शिक्षिका, एकट्या. वरचा मजला रिकामा, चांगलं माणूस आणा म्हणाल्या. ऑफिस सुटल्यावर गेलो.

पूर्वेचं दार. मागे कढीपत्त्याचं झाड. आणि गॅलरीतून समोर शाळेचं फाटक. सुमंगला इथे उभी राहील, स्फूर्ती फाटकातून मागे वळून हात करेल. मी गॅलरीत बराच वेळ उभा होतो. कमलाक्षम्मा कॉफी घेऊन वर आल्या तेव्हा कुठे वळलो.

त्या म्हणाल्या, ब्रोकर असून किती गोड बोलता हो तुम्ही. नाव तेवढं मुदकवी असं खरं सांगितलं, बाकी खुलासा केला नाही. गरज दाखवली की किंमत गेली, हे मी पोरांना रोज शिकवतो. आपण मागायचं नसतं. समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं.

तेव्हा बेत असा. आधी त्यांना एकेक नग दाखवायचे. त्या वैतागल्या की आपणहून म्हणतील, मुदकवी, तुम्हीच का नाही राहायला येत? मग मी जरा संकोचेन. मग हो म्हणेन.

सुमंगलेला सांगितलं, घर मिळालं, पूर्वेचं दार. तिने विचारलं, किल्ली हातात आली? मी म्हणालो, आल्यासारखीच.

१२ जून, गुरुवार

नग पहिला: तीन ब्रह्मचारी आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. कमलाक्षम्मांनी दार अर्धंच उघडलं.

नग दुसरा: कबुतरं पाळणारा. थोडीच आहेत म्हणाला. किती, तर त्यालाही सांगता येईना.

कमलाक्षम्मा म्हणाल्या, मुदकवी, तुम्ही एवढे सज्जन, ही माणसं कुठून शोधून आणता? फळ पिकत आलंय. हात लावायचा नाही, आपोआप पडेल.

१५ जून, रविवार

वहिनींचा भाऊ लोकेश शिमोग्याहून आला. यालाही इथे नोकरी, यालाही घर हवं. नुकतं लग्न झालेलं. कानात बाळी, गुडघ्यावर फाटलेली पँट, मोटरसायकल अशी की गल्लीतली सगळी कुत्री उठून उभी राहतात. माझी गादी त्याला दिली, मला चटई. नाश्त्याला चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात. त्याच्या पानावर तूप, माझ्या पानावर नाही. नोंद करून ठेवतो.

विरू म्हणाला, तुला घरांचे फोन येतात ना, याचंही बघ की. मी म्हणालो, नोडोण. इथली भाषा येऊ लागली.

वहिनी हळूच म्हणाल्या, भावोजी, या गावात 'नोडोण'चा अर्थ नाही असा होतो. कसं शक्य आहे? माझी सगळी कामं त्याच शब्दावर अडून राहिली आहेत. त्यांना भाषेतलं कळत नाही.

१७ जून, मंगळवार

नामी कल्पना. शेवटचा नग लोकेश! ती मोटरसायकल ऐकूनच कमलाक्षम्मा कपाळाला हात लावतील आणि माझ्याकडे वळतील. लोकेशला म्हणालो, चल, तुला एक घर दाखवतो. बिचारा खूश झाला. माझ्यासाठी पान घेऊन आला.

१९ जून, गुरुवार

नेला. मोटरसायकल बंद केल्यावरही थोडा वेळ गुरगुरत होती. मी चेहरा पाडून मागे उभा राहिलो.

लोकेश सरळ आत गेला, कमलाक्षम्मांच्या पाया पडला आणि म्हणाला, अम्मा, मला घर पाहिजे. बायको माहेरी खोळंबलीय, आषाढाच्या आत आणायचीय. द्याल का?

शी! इतकं उघडं मागतं का कोणी? भिकाऱ्यासारखं! मला त्याची कीव आली. कमलाक्षम्मा त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, उद्या बायकोशी फोनवर बोलणं करून दे. म्हणजे उलटतपासणी. गेला बाराच्या भावात.

परत येताना त्याला त्याच्या चुका समजावून सांगितल्या. त्याने निमूट ऐकून घेतल्या, वर कॉफी पाजली. पोरगा तसा वाईट नाही.

२१ जून, शनिवार

सुमंगलेने विचारलं, टेम्पो सांगू का सामानाला? मी म्हणालो, सांग. ती म्हणाली, खरंच सांगू? मी म्हणालो, हा काय प्रश्न झाला?

कमलाक्षम्मा फोन उचलत नाहीत. मला कसं विचारावं या विवंचनेत असतील.

२२ जून, रविवार

वहिनींच्या स्वयंपाकघरात धांदल. नवं कोरं पातेलं, हळदकुंकू, विड्याची पानं, नारळ. मी दारात गेलो की बोलणं थांबतं. म्हणजे यांनी परस्पर कमलाक्षम्मांशी बोलून माझ्यासाठी सगळं जुळवून आणलं तर! डोळे भरून आले. किती वाईटसाईट लिहिलं मी या माणसांबद्दल. विरूला कडकडून मिठी मारली. तो दचकला.

२३ जून, सोमवार

दूध उतू गेलं. राजाजीनगरात, वरच्या मजल्यावर, अगदी पूर्वेच्या अंगाने. फार शुभ म्हणतात. लोकेशचं.

मला खास बोलावलं होतं. मुदकवी नसते तर हे घर मिळालंच नसतं, असं लोकेशने सगळ्यांना सांगितलं आणि गॅस पेटवायचा मान मला दिला. पेटवला. त्याची बायको हातातली हिरवी काकणं वाजवत गॅलरीत गेली आणि शाळेचं फाटक बघून म्हणाली, अय्यो, किती छान!

विश्वासघात! विरूने केला, वहिनींनी केला, माझी कॉफी प्यायलेल्या, नाही, मला कॉफी पाजलेल्या त्या बाळीवाल्याने केला. आणि सगळ्यात मोठा कमलाक्षम्मांनी. त्यांना जिन्यात गाठलं. विचारलं, अम्मा, माझ्यात काय कमी होतं?

त्या म्हणाल्या, अहो, तुम्हाला हवं होतं घर? मग बोलला का नाहीत? पहिल्या दिवशी तुम्ही गॅलरीत उभे होतात ना, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, असं माणूस राहायला आलं तर बरं. पण तुम्ही ब्रोकर. तुम्ही मागितलंच नाही की हो!

पाकिटात दलाली घालून देत होत्या. घेतली नाही. नारळ घेतला.

२४ जून, मंगळवार

रात्रभर विचार केला. दूध नव्या जागेत उतू गेलं पाहिजे. ती जागा तीन खोल्यांची हवी असं शास्त्रात कुठे लिहिलंय? गच्चीवरची खोली मला नवीच आहे. मंगळवार असला म्हणून काय झालं, अमावास्येपेक्षा बरा. खालून शेगडी, पातेलं आणलं, दूध ठेवलं. तेवढ्यात टाकीवर ठेवलेला फोन वाजला, तिकडे धावलो. कोणीतरी विचारत होतं, नंजुंडप्पा, एक खोली मिळेल का, फॅमिली आणायचीय. मी त्याला म्हणालो, बाबा रे, जो दार उघडेल त्याला आधी सांग की घर हवंय. तो म्हणाला, तेच तर करतोय!

परत येईपर्यंत दूध करपलं. वहिनी वर आल्या, पातेल्याचा तळ बघितला आणि विचारलं, भावोजी, हे पातेलं कोणाचं?

२६ जून, गुरुवार

आषाढ लागला.

सुमंगलेला फोन केला. रागावेल, बोलेल, रडेल, सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, बरं. जेवलात का? मी म्हणालो, टेम्पोवाल्याला मी कळवतो, त्याचा नंबर दे. ती म्हणाली, टेम्पो सांगितलाच नव्हता.

म्हणजे बायकोनेसुद्धा! मी इथे जिवाचं रान करतोय आणि तिकडे साधा टेम्पो सांगितला नाही. बोलायला गेलो तर तिने पुन्हा विचारलं, जेवलात का.

संकल्प: श्रावणाच्या पहिल्या दिवशी घर. या वेळी मी तोंडाने मागणार. स्फूर्तीच्या शाळेसाठी तिकडच्या हेडमास्तरांना, इकडच्या हेडमास्तरांना, दोघांनाही भेटणार. मी बोललो तर जागा नाही म्हणणारा अजून जन्मायचाय.

२९ जून, रविवार

फोन स्फूर्तीने उचलला. अव्वा देवळात गेलीय म्हणाली, म्हणजे सुमंगला.

म्हणालो, बाळ, अप्पा श्रावणात नक्की घर घेणार. तुझ्या शाळेची काळजी करू नकोस, मी सगळ्यांशी बोलतो.

ती म्हणाली, शाळेचं काय अप्पा? मी जातेय की.

कुठे?

इथे, गदगला. अज्जांनी नाव घातलं. गणवेशही शिवून आला, तुम्ही बघितलाच नाही, निळा पिनाफोर.

विचारलं, सासऱ्यांनी कधी घातलं नाव? ती म्हणाली, तुम्ही गेलात ना शनिवारी, त्याच सोमवारी. मग तिचा आवाज बारीक झाला. म्हणाली, अव्वाने सांगितलं होतं, अप्पांना कळू द्यायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. ते तिकडे घर शोधताहेत ना, शोधू दे.

मी टाकीला टेकून उभा होतो. आज रेंज फार स्वच्छ होती. एकूण एक शब्द ऐकू आला.

ती विचारत होती, अप्पा, रागावलात? अप्पा?

मी म्हणालो, छे ग वेडे, मला ठाऊकच होतं. म्हणून तर मीही घराचं एवढं मनावर घेतलं नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. मग वर्गातल्या नव्या मैत्रिणींची नावं सांगत बसली.